टाकीएवढा मासा

‘मासा टाकीएवढाच वाढतो’ हे वचन या आठवड्यात पुन्हा माझ्या कानांवर पडले, आणि तेही अशा अधिकारवाणीने, की बोलणाऱ्याने जणू सृष्टिक्रमाचे दप्तर स्वतः तपासले असावे. एक दुकानदार रेड टेल कॅटफिशचे बोटभर पिल्लू पिशवीत घालून एका सद्गृहस्थांच्या हवाली करीत होता; सद्गृहस्थांच्या घरी चार फुटांची टाकी होती; आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा शिकारी मासा पूर्ण वाढीत स्वतःच चार फुटांच्या घरात जातो, ही गोष्ट त्या व्यवहारात उभयपक्षी अनुच्चारित राहिली. २०१८ च्या महापुरानंतर केरळच्या नद्यांत अरापैमा हा परदेशी शिकारी मासा मिळाला आणि २०२३ साली दल सरोवरात तसाच ॲलिगेटर गार सापडला, तेव्हा असे मासे पाळण्याच्या हौसेविषयी मी जे लिहिले ते ज्यांना अतिशयोक्त वाटले होते, त्यांनी त्या दुकानात घटकाभर उभे राहावे.

मला या प्रसंगी सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना आठवतो. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या त्या संग्रहात सिंह होता, आणि गेंडाही होता, ज्याचे चित्र चित्रकार गंगाराम तांबटांनी १७९० साली काढून ठेवले आहे. पेशव्यांची ही हौस भूतदयेतून उपजली होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु शिकारखाना हा राज्याच्या अठरा कारखान्यांपैकी एक मानला जाई, म्हणजे पीलखाना, तोफखाना यांच्या पंक्तीला बसणारे ते सरकारी खाते होते. हिंस्र प्राणी बाळगायचा म्हणजे त्याच्याआधी जागा, खुराक, राखणदार आणि या सर्वांचा जमाखर्च बाळगायचा, हे ज्या दरबाराला उमगले होते, त्याच्याच नगरीत आज तिसऱ्या मजल्यावरचा हौशी गृहस्थ केवळ काच विकत घेतो आणि स्वतःला शिकारखान्याचा धनी समजतो. चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच अशा टाकीत काठोकाठ भरले तरी पाणी अडीचशे लिटरांच्या आसपासच मावते. त्यात मांसाहारी माशाच्या उत्सर्जनातून अमोनिया साचत जातो, आणि वळायलाही जागा नसलेल्या त्या देहाचा कणा वाकू लागतो. दुकानदाराच्या वचनात सत्याचा जो अंश आहे, तोच अधिक भयंकर आहे: कोंडलेल्या माशाची वाढ खुंटते खरी, पण ती समजूतदारपणाने नव्हे, व्याधीने. गार तर पृष्ठभागावर येऊन वाताशयात हवा भरून घेतो, म्हणून इतर मासे जेथे मरतील त्या पाण्यातही तो तग धरतो, आणि धन्याला त्याचे हे तग धरणे म्हणजे आरोग्याचा दाखला वाटतो.

पेशवाईतला गेंडा कोणी मुठेत सोडून दिला नाही. आमचा गृहस्थ मात्र मासा आवरेनासा झाला की जवळच्या तळ्यात सोडतो, आणि वर पुण्य पदरी पडले असे मानतो. उजनी धरणातल्या कोळ्यांची जाळी फाडणारा ‘हेलिकॉप्टर’ मासा शिकारी नाही, परंतु तो मत्स्यालयांतूनच सुटलेल्या दक्षिण अमेरिकेतील सकर माशांच्या कुळातला आहे, एवढे येथे पुरे.

आता लक्ष्मी येईल म्हणून असे मासे घरात ठेवायला सांगणाऱ्या वास्तुपंडितांविषयी. माझा त्यांच्यावरचा राग वाचकांना ठाऊक आहे, आणि पुरावा मागाल तर माझ्यापाशी नाही. तथापि शहरातल्या निम्म्या अरवाना माशांना ईशान्य कोपऱ्याची सजा याच मंडळींनी फर्मावली असावी, असा माझा पक्का संशय आहे. लक्ष्मी आणण्याचे काम ज्या माशाकडे सोपवायचे, त्याला तीन फूट वाढण्याची मुभा देण्याइतकी लक्ष्मी तरी आधी घरात असावी!

कुत्रा पाळायचा तर महानगरपालिकेचा परवाना लागतो. मी माशांसाठी परवाना मागत नाही, कारण तो कोणत्या खिडकीवर आणि कोणत्या मार्गाने मिळू लागेल हे मला दिसते आहे. माझी मागणी अल्प आहे: विकलेल्या माशाची पूर्ण वाढीतली लांबी आणि आयुर्मर्यादा दुकानदाराने पावतीवर लिहावी, आणि मासा टाकीएवढाच वाढतो असे ज्याचे म्हणणे असेल, त्याने तेही पावतीवर लिहून खाली सही करावी.

— तटस्थ