पडद्यावर पंप दिसतो, माणूस दिसत नाही

शहराचा मैला आता पडद्यावर दिसतो. सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनात विहिरीवर सेन्सर टांगलेला असतो, तो पातळी मोजतो. पातळी चढली की पीएलसी पहिला पंप सुरू करतं, आणखी चढली की दुसरा. उतरली की बंद. मोटरचा करंट, बेअरिंगचं तापमान, वीज गेली-आली, सगळं मोबाईलच्या सिमवरून लांबच्या कंट्रोल रूममध्ये पोचतं. याला म्हणतात स्काडा.

मी असली पॅनेलं जोडतो. यंत्राशी माझं भांडण नाही. यंत्राला काय बघायला शिकवलंय आणि काय नाही, भांडण त्याच्याशी आहे.

पडद्यावर लाल अक्षरं येतात : पंप नंबर २ ट्रिप. इंपेलरमध्ये चिंध्या अडकल्या. एसीतला साहेब ठेकेदाराला फोन लावतो, ठेकेदार मुकादमाला. मुकादम कुणाला हाक मारतो? सदाशिव पेठेतल्या पोराला? तो येतो आपल्याच वस्तीत. वाल्मिकी, रुखी, मातंग, बौद्ध. फोन बिनतारी झाला, पण जातीची तार काही तुटली नाही.

खाली विहिरीत हायड्रोजन सल्फाइड. आधी सडक्या अंड्याचा वास येतो. गॅस वाढला की नाकच मरतं, वास गेला असं वाटतं, आणि माणूस पुढं सरकतो. मोटर तापली तर पडदा बोंबलतो. माणूस विझला तर पडदा गप्प! कारण मोटरला सेन्सर आहे, माणसाला नाही.

आणि ऑटोवरचा पंप कुणाला विचारत नाही. पातळी चढली की फिरला. आत कुणाचा हात असला तरी.

उपाय नाही म्हणणारा खोटं बोलतो. सबमर्सिबल पंप गाइड रेलवरून साखळीनं वर ओढता येतो, खाली उतरायची गरजच नाही. मॅनहोल साफ करणारा बँडिकूट रोबो २०१८ साली तिरुवनंतपुरमला कामाला लागला. अक्कल आहे. फक्त आपला जीव यंत्रापेक्षा स्वस्त पडतो.

कायदा १९९३ ला झाला, २०१३ ला पुन्हा झाला. पण २०१३ च्या कायद्यात ‘धोकादायक सफाई’ म्हणजे सुरक्षा साधनांशिवायची सफाई. साधनं दिली होती म्हटलं की पळवाट मोकळी. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली गटारातल्या मरणाची भरपाई १० लाख ठरवली, २०२३ साली ३० लाख. मेल्यावरचा भाव वाढला. जिवंतपणी काय?

माणूस मेला की ठेकेदार म्हणतो, तो आपणहून उतरला. इथंच स्काडा आपल्या कामाचा आहे. पंप कितीला थांबला, अलार्म कुणी पाहिला, पंप पुन्हा कितीला फिरला, सगळ्याची वेळेसकट नोंद होते. त्या दोन वेळांच्या मधे आत कोण होतं? या साक्षीदाराला दारू पाजता येत नाही, दम देता येत नाही. मात्र तो पुसून टाकता येतो. म्हणून मयत झाली की त्याच दिवशी नोंद सील करायला लावा. माहिती अधिकारात नक्कल मागा. मोर्चात घोषणेबरोबर ही नक्कलही हातात पाहिजे.

आपलं मागणं साधं आहे. गॅसचा सेन्सर त्याच पडद्यावर लावा. दुरुस्तीआधी आयसोलेटरला कुलूप घाला आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात द्या. ठेक्यावरच्या माणसाचं नाव नोंदवहीत चढवा. आणि कंट्रोल रूममधली नोकरी सफाई कामगाराच्या शिकलेल्या पोरापोरींना द्या. जात कामगारांचीच उतरंड रचते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली सांगून ठेवलं. नुसतं यंत्र आणलं तर ती उतरंड तशीच राहते, वरच्या पायरीवर फक्त एसी लागतो.

विहिरीत सेन्सर उतरू द्या. खुर्चीवर आम्ही बसतो.

जयभीम!