पान पिवळे, पण जमीन उपाशी नाही



पेरणीला महिना होतो. झड लागते, चार-पाच दिवस ऊन दिसत नाही. पाऊस उघडला की पऱ्हाटीचे शेंडे पिवळे दिसतात, ज्वारीच्या पानांवर फिकट पट्टे उमटतात. धुऱ्यावर उभा असलेला प्रत्येक जण एकच निदान करतो: खत कमी पडले. मग दुकान गाठले जाते. उधारीच्या वहीत युरियाच्या दोन गोण्या मांडल्या जातात, वर टॉनिकची एक बाटली. पंधरा दिवसांनी पान पिवळे ते पिवळेच. बाटलीची रक्कम मात्र वहीत कापूस विकेपर्यंत जागची हलत नाही.

ज्या पोरांच्या हाती यंदा पहिल्यांदा वावर आले आहे, त्यांनी तरी हा फेरा सुरू होण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी. आपल्या काळ्या जमिनीत पुष्कळदा अन्न असते, पण कुलपात असते. त्या कुलपाचे नाव सामू. कुलूप न ओळखता खत ओतणे म्हणजे भरलेल्या कणगीच्या बंद दारासमोर आणखी धान्य रचणे.

सामू म्हणजे जमिनीचा आंबट-खारटपणा मोजायचे माप. ७ म्हणजे ना आंबट ना खारी. त्याखाली आंबट, त्यावर विम्ल. हे माप दहापटीने चढते. ७ वरून ८ म्हणजे थोडा फरक नव्हे, दहापट फरक. बहुतेक पिकांना ६ ते ७.५ या टप्प्यात सर्व अन्नद्रव्ये बरी मिळतात. सामू ८ च्या आसपास गेला की लोह, जस्त, मंगल ही द्रव्ये पाण्यात विरघळेनाशी होतात आणि स्फुरद चुन्याशी बांधला जातो. पीक अन्नात उभे असून उपाशी राहते. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती काळ्या पाषाणापासून झालेली, कमी पावसात मुरलेली. तिच्यात चुनखडी साठते आणि सामू सहज ८ च्या वर जातो.

सामू खाली आणायला गंधक टाका, असे सांगणारे भेटतात. त्यांच्यापुढे हिशेब मांडावा. एका एकरातल्या वरच्या अर्ध्या फूट मातीचे वजन साधारण ९ लाख किलो. तिच्यात शंभरात एक भाग चुनखडी धरली तरी ती झाली ९ टन. एवढी चुनखडी जिरवायला सुमारे ३ टन गंधक लागेल, म्हणजे ५० किलोची ६० पोती. आणि आपल्या कित्येक वावरांत चुनखडी पाच टक्क्यांच्याही वर असते. कुंडीतली माती बदलता येते, वावराची नाही. म्हणून अख्ख्या जमिनीचा सामू बदलायचा नाद सोडावा आणि मुळाजवळचा वीतभर पट्टा सुधारावा.

खारपाणपट्ट्यातल्या, पूर्णेच्या खोऱ्यातल्या भावांची गोष्ट वेगळी. सामू साडेआठच्या वर, पाणी मुरत नाही, ओली माती चिकट आणि वाळली की दगड, अशी जमीन चोपण झालेली असते. तिथे दुखणे सोडियमचे आहे. माती परीक्षणाप्रमाणे जिप्सम टाकावे आणि सोडियम धुऊन जाण्यासाठी चर काढावेत. चर नसतील तर जिप्समचा पैसाही वाया जातो.

आता पान वाचायचे कसे ते पाहू. पहिला प्रश्न एकच: पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर आहे की वरच्या कोवळ्या पानांवर?

खालची पाने सगळीच्या सगळी पिवळी पडत असतील तर नत्राची भूक आहे. युरिया द्यावा, पण फेकून देऊ नये. विम्ल जमिनीवर उघडा पडलेला युरिया अमोनिया वायू होऊन उडतो. उधारीचा पैसा हवेत जातो. वाफशावर, तासाच्या बाजूला द्यावा आणि डवऱ्याने लगेच मातीआड करावा.

वरची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. आधी पाणी साचले आहे का ते पाहावे. झडीत मुळांना हवा मिळत नाही, तेव्हा हे हमखास होते. पाणी काढून द्यावे, वाफसा येताच डवरणी करावी. पुष्कळदा आठ-दहा दिवसांत शेंडा आपोआप हिरवा होतो. नाहीच झाला तर १०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम हिराकस आणि १०० ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून उन्हे उतरल्यावर फवारावे.

ज्वारीचे रोप खुजे राहिले आणि कोवळ्या पानाच्या बुडाकडच्या भागात पांढरट रुंद पट्टे आले तर जस्ताची शंका घ्यावी. उभ्या पिकावर १०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५० ग्रॅम विरवलेल्या चुन्याची गाळलेली निवळी फवारावी. ज्या वावरात हे दरसाल दिसते तिथे पेरणीवेळी एकरी १० किलो झिंक सल्फेट कुजलेल्या शेणखतात मिसळून द्यावे. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये ते मिसळू नये. स्फुरद आणि जस्त एकमेकांना अडवतात.

बोंडे भरताना पऱ्हाटीची खालची पाने लाल पडतात, शिरा हिरव्या राहतात. हा लाल्या. एकट्या मॅग्नेशियमवर खापर फोडण्याआधी पान उलटून तुडतुडे पाहावेत. नत्र संपले आहे का, पाणी साचले होते का, रात्री थंडी वाढली का, हेही पाहावे. मॅग्नेशियमच कमी असेल तर १०० लिटर पाण्यात १ किलो मॅग्नेशियम सल्फेट फवारावे.

हे सर्व झाले तातडीचे इलाज. कायमचा इलाज उकिरड्यात आहे. कुजताना शेणखतातून जी आम्ले सुटतात ती लोह-जस्ताला विरघळत ठेवतात. गुरे कमी झाली, शेणखत कमी झाले, हे आम्हालाही दिसते. म्हणूनच असेल तेवढे वावरभर न पसरता तासात द्यावे. गुलाबी बोंडअळीसाठी पऱ्हाटी शेतात उभी ठेवायची नाही आणि धुऱ्यावर रचायची नाही, हे खरेच. पण ती जाळून टाकण्यापेक्षा बारीक करून कुजवली तर अळीही मरते आणि खतही होते.

इथवरचे काम शेतकऱ्याचे. यापुढचे सरकारचे, आणि तिथे आमची तक्रार आहे.

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानात सुरतगड येथे मृद आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली. कल्पना चांगली होती. पण नमुना घेण्याचा नियम काय ठरला? बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक! ज्याच्याकडे पाणी आहे त्याच्या मातीची चौपट चौकशी. आपल्याकडे दहा हेक्टरांत वर मुरमाड बरड, मध्ये मध्यम आणि नाल्याकाठी भारी काळी, अशा तीन जमिनी येतात. एका नमुन्यावर तिघांना एकच औषध लिहून दिले गेले. त्या पत्रिकेत बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. आपल्या जमिनीचे कुलूप घडवणारी चुनखडी मात्र या बारांत नाही.

दुसरी तक्रार भावाची. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाशयुक्त खतांवरचे नियंत्रण उठले, युरियाचे राहिले. २०१० मध्ये अन्नद्रव्यावर आधारित अनुदान आले, त्यातूनही युरिया बाहेर ठेवला गेला. २०१८ मध्ये ४५ किलोच्या गोणीचा दर, कर आणि निंबोळी लेपाचा खर्च सोडून, २४२ रुपये ठरला. इतर खते त्याच्या कितीतरी पट महाग. मग शेतकरी युरियाच टाकणार! वर भाषणात ऐकायचे की शेतकरी अडाणी आहे, बेसुमार युरिया वापरतो. भावाचा काटा वाकडा करून ठेवायचा आणि माप चुकले म्हणून शेतकऱ्याला बोल लावायचा, हा कुठला न्याय?

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमच्या तीन मागण्या. एक, कोरडवाहू शेतकऱ्याच्या प्रत्येक वावराचा वेगळा नमुना तपासावा. दोन, काळ्या जमिनीच्या पत्रिकेत चुनखडीचे प्रमाण लिहिलेच पाहिजे. तीन, अहवाल मृगाच्या आधी हातात मिळावा. पेरणी झाल्यावर आलेला अहवाल रद्दीच्या भावाचा.

मागणी मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचे नाही. उन्हाळ्यात वावर मोकळे असताना नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, व्ही आकाराचा खड्डा करावा आणि त्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत तासून घ्यावी. झाडाखालची, धुऱ्याजवळची, उकिरड्याच्या जागेची माती घेऊ नये. सगळी मिसळून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करावे. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरावी, आत नाव आणि गट नंबराची चिठ्ठी घालावी. प्रयोगशाळेत सामू आणि चुनखडी दोन्ही तपासून मागावी. तोवर घरीही एक पारख करता येते. वाळल्या ढेकळावर व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत. फसफसले तर चुनखडी भरपूर आहे. फसफसले नाही म्हणून ती मुळीच नाही, असे मात्र समजू नये.

बैठकीला आलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातून निदान दहा पिशव्या गोळा करून प्रयोगशाळेत पोचवायच्या आणि अहवाल गावाच्या पारावर मोठ्याने वाचायचा. खतदुकानाची वही उघडण्याआधी जमिनीचा कागद वाचायचा, एवढी शिस्त या हंगामात लावून घेऊ.