यादीत नाव आलं, जोत्याचं काय?

दरवर्षी 20 मार्चला महाडला येणारा माणूस चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतो आणि संध्याकाळच्या गाडीनं परततो. 1927 चा लढा फक्त पाण्याचा नव्हता, समान हक्काचा होता, हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. मग याच महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या बौद्धवाड्यांत कित्येक कुटुंबांच्या घराखालची जागा आजही त्यांच्या नावावर नाही, हा हक्काचा प्रश्न आपल्या स्टेजवर का येत नाही?

रमाई आवास योजनेत नाव आलं की घर झालं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात घर अडतं ते त्यानंतरच, आणि दोन ठिकाणी.

पहिलं, जागा. मंजुरीसाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8 लागतो. तो आजोबांच्या नावावर असतो. आजोबा वारलेले. वारस विक्रोळी, दिवा, नालासोपाऱ्यात विखुरलेले. वारसनोंद कुणी केलेली नसते, आणि संमतीपत्रावर एका चुलत्याची सही राहिली की फाईल तिथंच थांबते. याची मुळं जुनी आहेत. कोकणात जमीन खोताची होती आणि आपली वस्ती त्याच्या मर्जीवर. बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला 1949 उजाडलं. कसणाऱ्याचा प्रश्न त्यानं पुष्कळ सोडवला. पण जो नुसताच राहत होता, त्याचं काय? आता स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी होऊन मालमत्ता पत्रकं मिळतात, पण ती गावठाणातल्या घरांची. कोकणातल्या वाड्या बहुतेक गावठाणाबाहेर. म्हणजे गावकुसाबाहेर असण्याची किंमत आपण नकाशावरही मोजतो आहोत.

दुसरं, हप्ता. ग्रामीण घरकुलाचं अनुदान कित्येक वर्षं 1 लाख 20 हजार, डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार, एवढंच राहिलं. त्याशिवाय रोजगार हमीची सुमारे 90 दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार. घर किमान 269 चौरस फुटांचं हवं. रक्कम अपुरी आहेच, पण ती मिळते कधी, हे त्याहून महत्त्वाचं. पहिला हप्ता छोटा. पुढचा जोता झाल्यावर, फोटो काढून चढवल्यावर. म्हणजे काम आधी, पैसा मागून. ज्याच्या हातात भांडवल नाही त्याच्यासाठीच्या योजनेत भांडवल आधी लावायला सांगितलं जातं! मग दुकानदाराकडे सिमेंटची उधारी होते, बचतगटाच्या नाहीतर फायनान्स कंपनीच्या कर्जावर चिरा येतो. मुख्य रस्त्यापासून वाडीपर्यंतची वाहतूक वेगळीच. तेवढ्यात जून लागतो आणि काम चार महिने बंद. उघड्या जोत्यावर गवत उगवतं, कुटुंब शेजारच्या पडवीत दिवस काढतं, आणि कार्यालयातल्या कागदावर शेरा पडतो : 'लाभार्थी उदासीन'.

जागा नाही, निधी नाही, हे उत्तर आपण ऐकत आलो. पण 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली, 80 च्या वर माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूरच्या केवनाळे आणि सुतारवाडीतही माणसं गाडली गेली. त्यानंतर तळीयेसाठी जागा शोधली गेली आणि घरं बांधायला म्हाडा आली. उशीर झाला, माणसं कंटेनरमध्ये राहिली, ही तक्रार खरी. तरी एक गोष्ट सिद्ध झाली. सरकारनं मनावर घेतलं तर जागा मिळते. मग माणसं मरण्याआधी का मिळू नये? उताराखालच्या वाडीला सुरक्षित जागेचा सातबारा हवा, ही मागणी दरड पडायच्या आधीची आहे.

सरकारशी भांडत असतानाच एक काम आपल्या हातातलं आहे. आपली मुंबई मंडळं काय करू शकतात, ते वाडीवाडीतले विहार सांगतात. गिरणीच्या, सफाईच्या, बंदराच्या मजुरीतून आपल्या आजोबा-वडलांनी ते उभे केले. त्याच मंडळानं घरांसाठी फिरता निधी काढला तर? समजा, पाच घरांना जोत्यापुरते 40-40 हजार दिले. हप्ता जमा झाला की पैसे परत, आणि तेच पुढच्या पाच घरांना. दोन लाखांत काही वर्षांत अख्खी वाडी उभी राहील. मंडळाच्या बैठकीला सगळे वारस एकत्र येतातच, वारसनोंदीच्या अर्जावर सह्याही तिथंच घ्याव्यात. आणि घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लागलं पाहिजे, हा ठराव त्याच बैठकीत व्हावा.

काही कार्यकर्ते म्हणतील, अनुदान हा हक्क आहे, त्यात आपण पैसे का घालायचे? बरोबर. पण हा निधी सरकारची जबाबदारी उचलत नाही, तो आपल्या माणसाला सावकाराच्या दारातून वाचवतो. पाय रोवून उभा असलेला माणूसच आंदोलनाला येतो. उधारीखाली दबलेला माणूस मतदानाच्या दिवशीही कुणाच्या तरी ओट्यावर बसलेला असतो.

बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. आपल्या 269 चौरस फुटांत दहावीच्या मुलीला दिव्याखाली बसायला एक कोपरा मिळाला, तरी तो त्याच वाटेवरचा आहे.

येत्या 20 मार्चला महाडला येणाऱ्या प्रत्येक मंडळानं आपल्या वाडीची एक यादी बरोबर आणावी : किती घरं, किती जणांच्या नावावर जागा, किती जोते अर्धवट. तळ्यावर अभिवादन झालं की सगळ्यांनी मिळून ती यादी तहसीलदारांच्या टेबलावर ठेवू.

जय भीम!