एमपी-३ द्या, पण मूळ पुसू नका

कीर्तने, नाट्यपदे, भारुडे यांच्या जुन्या कॅसेटी आणि स्पूल डिजिटल करून देण्याची कामे आपल्यापैकी अनेकांकडे येतात. पुष्कळदा संस्थेला परत मिळते ती १२८ केबीपीएसची एमपी-३, आणि मूळ वेव्ह जागा खाते म्हणून पुसली जाते. हे थांबायला हवे.

सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट घेतो. तो अकराव्या हिश्श्यावर आणणे जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जमले, ते कानाच्या अभ्यासामुळे. मोठ्या सुराजवळचा बारीक आवाज कानाला जाणवत नाही. एन्कोडर प्रत्येक कंप्रता-पट्ट्यात अंदाज घेतो की इथे किती खरखर लपेल, आणि तेवढी होऊ देऊन आकडे ढोबळ करतो. म्हणजे एमपी-३मध्ये नुसते काही वगळलेले नसते, नवी खरखरही आत आलेली असते. सुझान वेगा यांचे साथीविना गायलेले ‘टॉम्स डायनर’ ब्रांडेनबुर्ग यांनी चाचणीला घेतले होते. एकट्या गळ्यामागे खरखरीला लपायला जागा फार थोडी.

आपल्या दृष्टीने कळीची गोष्ट अशी की हा अंदाज त्या क्षणीच्या पातळ्या धरून केलेला असतो. उद्या कोणी ईक्यूने पखवाजाचा खर्ज उतरवला, कीर्तनकाराचा शब्द वर आणला, की झाकणारा सूर बाजूला होतो आणि खालची खरखर उघडी पडते. जुन्या मुद्रणावर तर नेमके हेच करायचे असते! त्यात कॅसेटची हिस कॉम्प्रेस व्हायला अवघड, त्यामुळे गळ्याच्या वाट्याचे बिट तीच खाते.

टाळ, चिपळ्या, हलगी यांचे हाल वेगळे. एन्कोडरची लांब खिडकी १,१५२ नमुन्यांची, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांची. ठोका तिच्या शेवटी पडला तरी खरखर खिडकीभर पसरते आणि ठोक्याआधीच फसफस ऐकू येते, हाच प्री-एको. खिडकी एक तृतीयांश करण्याची सोय फॉरमॅटमध्ये आहे, पण कमी बिटरेटला तीही अपुरी पडते.

ऐकण्यासाठी एमपी-३ उत्तमच आहे. २०१७ साली फ्राउनहोफरने पेटंटचे परवाने देणेही बंद केले, आणि ती वाजत नाही असे यंत्र सापडणे कठीण. श्रोत्यांना जरूर द्या, शक्यतो १९२च्या वर. पण तासाभराची वेव्ह सुमारे ६३५ एमबीची असते आणि फ्लॅकमध्ये, एकही बिट न गमावता, बहुधा त्याच्या निम्म्याच्या आसपास येते. आजच्या डिस्कच्या भावात जागेची सबब टिकत नाही.

मूळ टेप हरवली असेल आणि हाती फक्त एमपी-३ उरली असेल, तर ती जशीच्या तशी जपा. १२८ची ३२० करू नका. गेलेले परत येत नाही, खरखरीचा आणखी एक थर मात्र चढतो. दुरुस्ती वेव्हमध्ये उघडून करा, फ्लॅकमध्ये साठवा आणि फाईलच्या नोंदीत ‘मूळ स्रोत एमपी-३, १२८ केबीपीएस’ असे स्पष्ट लिहा, नाहीतर पुढचा संपादक तिलाच मास्टर समजून कामाला लागेल.