टी-शर्टवर वर्ष छापू नका

परदेशात घर केलेल्या मराठी मंडळींनो, आज एक काम करा. कपाटातले टी-शर्ट बाहेर काढा आणि मानेमागची पट्टी वाचा.

‘मेड इन इंडिया’ असेल आणि कापड सुती होजिअरीचं असेल, तर तो बहुतेक तमिळनाडूतल्या तिरुपूरचा. भारतातून बाहेर जाणाऱ्या अशा कपड्यांतला निम्म्याहून मोठा वाटा या एका शहराचा आहे.

सुती कापडाने रंग धरावा म्हणून पाण्यात भरपूर मीठ घालतात. रंग जितका गडद, तितकं मीठ जास्त. तरीही सगळा रंग कापडात मुरत नाही. उरलेला पुन्हा पुन्हा धुऊन काढावा लागतो. हे धुवण वर्षानुवर्षं तिरुपूरच्या नोय्यल नदीत गेलं. मीठ साध्या गाळणीत अडकत नाही. भाजीत जास्त पडलेलं मीठ चमच्याने काढता येतं का?

नोय्यल पुढे कावेरीला मिळते. तिच्यावर ओरातुपाळयमला शेतीसाठी धरण बांधलं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. थोड्याच वर्षांत त्यात रंगाऱ्यांचं सांडपाणी साठलं. ज्यांच्यासाठी धरण, तेच शेतकरी ‘पाणी सोडू नका’ म्हणू लागले. विहिरी खारट झाल्या. शेवटी शेतकरी कोर्टात गेले आणि जानेवारी २०११मध्ये मद्रास हायकोर्टाने रंगाईचे कारखाने बंद करायला लावले.

पुढे ते सुरू झाले, पण अट कडक होती. सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही. पाणी शुद्ध करून पुन्हा वापरायचं, मीठ आटवून काढायचं. याला यंत्रं महाग लागतात, वीजही खूप जाते. हा खर्च द्यायला तुमच्याकडचा दुकानदार खळखळ करतो, कारण तुम्हाला टी-शर्ट गेल्या वर्षीच्याच भावात हवा असतो.

म्हणून भारतातला माल घ्यायचाच नाही, असं मात्र करू नका. कारखाने बंद पडले तेव्हा सगळ्यात आधी मजुरांची चूल विझली. घ्या, पण कमी घ्या आणि वापरून वापरून जुना करा. दोन स्वस्तातले घेण्यापेक्षा एक बऱ्यापैकी घ्या. रोजच्या वापराला फिकट रंग चालत असेल तर तोच बघा.

दुकानाला विचारा. पट्टीवर देश असतो तो शिवल्याचा. कापड रंगवलं कुठे, हे त्यावर नसतं. काही मोठ्या कंपन्या आपल्या कारखान्यांची यादी वेबसाइटवर देतात. तिथे रंगाईचा कारखाना दिसतो का पाहा. नसेल तर दोन ओळींची मेल टाका. एका मेलने काही होत नाही, पण शंभर आल्या की कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

शिक्क्यांनी फसू नका. ‘ओइको-टेक्स स्टँडर्ड १००’ म्हणजे कपड्यात अंगाला अपाय करणारं काही नाही, एवढंच. नदीचं त्यात काही नाही. सेंद्रिय कापडावरचा ‘गॉट्स’चा शिक्का देताना सांडपाण्याचीही तपासणी होते.

आता घरातली गोष्ट. गणेशोत्सव आला की तुमचं मंडळ दरवर्षी नवा टी-शर्ट काढतं. गडद रंग, पुढे बाप्पा, पाठीवर वर्ष. पुढच्या वर्षी तो घालायला लाज वाटते, मग तो गॅरेजमध्ये पुसायला जातो. वर्ष छापू नका. रंग एकच ठरवा, तोच दरवर्षी ठेवा. ज्यांच्याकडे आहे त्यांनी तोच घालावा, नव्या सभासदांपुरतेच मागवा. पोरांना लहान झालेले एकमेकांत बदलून घ्या. वाचलेल्या पैशातून थोडी चांगली, रंगाईची चौकशी केलेली ऑर्डर देता येईल.

हा विषय कमिटीच्या पुढच्याच बैठकीत काढा. गणपतीच्या तोंडावर बोलून उपयोग नाही, तोवर ऑर्डर गेलेली असते.