तार तुटली, बाई कुठे उतरली?

‘ओव्हरहेड वायर तुटल्याने रेल्वे वाहतूक विस्कळीत’ ही बातमी वळवाच्या दिवसांत आपण इतक्यांदा वाचतो, की तिच्यात कुठे बाई असेल हे मनातही येत नाही. किती गाड्या रद्द, किती उशिरा, याचा हिशेब त्यात असतो. शेवटी ‘प्रवाशांचे हाल’. हा प्रवासी म्हणजे नेहमी एकटाच, सडाफटिंग, उशीर झाला तर फार तर चरफडणारा पुरुष!

दौंड ते बारामती हा ४४ किलोमीटरचा एकेरी फाटा. इंदापूर गावाला तर रेल्वेच नाही. तिथल्या बाईने एस.टी.ने चाळीसेक किलोमीटरवरचं भिगवण गाठायचं, मग गाडी. या गाड्यांनी बाया कामाला जातात, मुली कॉलेजला जातात, सासूला दवाखान्यात नेतात. पुण्यापर्यंत विजेची गाडी कधीच आली होती. १९३० साली सुरू झालेली दख्खनची राणी विजेवरच धावली. पुढे दौंडपर्यंत तार यायला २०१७ उजाडलं. २०२३ च्या फेब्रुवारीत मध्य रेल्वेने आपले सगळे ब्रॉडगेज मार्ग विजेवर आल्याचं जाहीर केलं. आमचा विजेला विरोध नाही. धूर गेला, बरंच झालं.

पण या तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो. वाऱ्याने फांदी पडली, शेडचा पत्रा उडून अडकला, की वीज बंद. तार रुळावर आली तर डिझेलची गाडीसुद्धा पुढे जात नाही. वीज तोडायची, तार जमिनीशी जोडायची, टॉवर वॅगन आणायची, मग माणसं वर चढणार. भर पावसात जीव धोक्यात घालून ती काम करतात. त्यांच्याशी आमचं भांडण नाही. याला तास लागतात. या तासांत डब्यातल्या बाईचं काय, हे कोणी ठरवलंय का?

आता गंमत बघा. रेल्वे कायदा, १९८९, कलम १३९. विनातिकीट बाई पुरुषाच्या सोबतीशिवाय प्रवास करत असेल आणि पैसे भरत नसेल, तरी तिला वाटेल तिथे उतरवता येत नाही. जिथे ती चढली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण, तिथेच. आणि तेही दिवसाउजेडी. म्हणजे आपल्या फाट्यावर दौंड आणि बारामती, नाहीतर ती चढली ते स्टेशन. कटफळला किंवा शिरसाईला आडवेळी तिला खाली उतरवणं हा कायद्याचा भंग आहे. चांगला कायदा आहे. करणाऱ्यांना कळत होतं की आडरानात, रात्री, एकटी बाई म्हणजे काय.

मग तिकीट काढलेली बाई? तार तुटली, गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये उभी राहिली, दिवे मंदावले, की तीच बाई कडेवर पोर घेऊन चार फुटांवरून खडीवर उडी टाकते आणि उसाच्या कडेने मोबाईलच्या उजेडात रस्ता शोधते. तिला कोणी उतरवलं नाही ना, ती आपणहून उतरली! म्हणून कायदा गप्प. कलम ५८ प्रमाणे गाडीत बायकांसाठी राखीव जागा ठेवावी लागते, पण गाडी थांबल्यावर तिथे कोण थांबेल याबद्दल अक्षर नाही. २०२० साली रेल्वे सुरक्षा दलाने ‘मेरी सहेली’ सुरू केली, ती लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी. बारामतीच्या पॅसेंजरला सहेली नाही.

आणि घर? आमच्या एका बैठकीत एक जण म्हणाली, “तार तुटली हे घरी पटवायला साक्षीदार लागतो.” सगळ्या हसल्या, मग गप्प झाल्या. नवरा दोन तास उशिरा आला तर बिचारा दमला. ती आली तर कुठे होतीस, कोणाबरोबर होतीस. ‘आता फोन आहेत की,’ असं म्हणणाऱ्यांना सांगते, फोनवर पहिला प्रश्न तोच येतो. अशा एका रात्रीनंतर कितीजणींची नोकरी सुटते, कोणत्या मुलीचं कॉलेज बंद होतं, हे ‘विस्कळीत’ या शब्दात मोजलं जात नाही. गाडीत बसायच्या आधी पाणी न पिणं तर आपल्याला आईनेच शिकवलेलं असतं.

करता येत नाही, असं कोणी म्हणू नये. २५ मे २०२५ ला नीरा डावा कालवा फुटला, बारामतीत घरांत पाणी शिरलं, तेव्हा बारामती आणि इंदापूर दोन्हीकडे एनडीआरएफची पथकं धाडली गेली. आम्ही पथकं मागत नाही. तार तुटून गाडी तासाभराहून जास्त अडकली, की जवळच्या स्टेशनातून महिला पोलीस डब्यापर्यंत पोचावी, उतरायला शिडी असावी, दौंड किंवा भिगवणहून एस.टी. यावी. आणि शिक्का मारलेला उशिराचा दाखला मागेल तिला मिळावा. मालकाला दाखवायला. नवऱ्यालाही दाखवू, काय करणार!

अर्ज मात्र दोन लिहावे लागतील. दौंड स्टेशन २०२४ साली पुणे विभागात आलं, भिगवण सोलापूर विभागात राहिलं. एका कार्यालयाने दुसरीकडे बोट दाखवायच्या आत दोन्हीकडे एकाच दिवशी द्यायचे. मजकूर तयार आहे, सह्या हव्यात. पासधारक बायांनी आपलं चढायचं आणि उतरायचं स्टेशन सहीपुढे जरूर लिहावं.