गावात पहिला पाय कोणाचा?

पणजोबाचे नाव विचारले तर घरातले एखादे माणूस सांगते. पणजोबाच्या बापापाशी बहुतेक घरे अडतात. आणि पणजीचे नाव विचारले तर म्हातारी माणसेही आढ्याकडे पाहू लागतात.

तरी "आमचा मूळ पुरुष अमक्या गावाहून बंडी घेऊन आला आणि इथे वावर काढले" अशी गोष्ट घरोघर असतेच. ती खरी की ऐकीव, हे कागदावरून ताडता येते.

आपला वर्धा जिल्हा १८६२ साली नागपुरातून वेगळा झाला. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला, की जो पाच वर्षे राहून जमीन कसेल त्याला १६० एकर मिळेल. (ती जमीन तिथल्या मूळ रहिवाशांची होती, हे सांगितले पाहिजे.) हक्क पक्का करताना घर केवढे, विहीर आहे का, काय पेरले, हे लिहून द्यावे लागे. त्या कागदांवरून तिकडची नातवंडे-पतवंडे आज आपला मूळ पुरुष शोधतात.

आपल्याकडेही तसे कागद आहेत. पण शोध मागून पुढे नव्हे, आजच्या सातबाऱ्यावरून मागे न्यावा. आधी फेरफार, मग १९५४-५५ चे अधिकार अभिलेख. मालगुजारी १९५१ साली गेली. त्याआधीच्या काळासाठी बंदोबस्ताची मिसल पाहावी. नक्कल तहसील किंवा जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मागावी. काही पाने मोडीत निघतात. ती जाणकाराकडून वाचून घ्यावीत.

या कागदांत आडनाव पुष्कळदा नसतेच. "गणू वल्द लक्ष्मण, साकीन अमुक" एवढेच असते. वल्द म्हणजे मुलगा, साकीन म्हणजे राहणारा. आणि आपल्याकडे आज्याचे नाव नातवाला ठेवतात, म्हणजे गणूचा लक्ष्मण आणि लक्ष्मणाचा गणू, असे चालूच. नावावर भुलू नका. खसऱ्याचा नंबर जुळला तरच तो तुमचा गणू. नंबरही बंदोबस्तात बदललेले असतात, म्हणून जुना व नवा दोन्ही टिपून ठेवा.

बायामाणसांचा माग काढायचा तर दोन शब्द ध्यानात ठेवा: "जौजे" म्हणजे बायको आणि "बेवा" म्हणजे विधवा. नवरा गेल्यावर जमीन तिच्या नावे लागली, की तिचे नाव कागदावर येते. नवऱ्याच्या हयातीत ते सहसा येत नाही. एखाद्या घराची पणजी केवळ लवकर विधवा झाली म्हणून सापडते, हे वाचताना जीव हळहळतो.

कोतवाल बुकही पाहा. त्यात जन्म-मृत्यू नोंदलेले असतात. जन्माच्या नोंदीत बापाचे नाव, जात असते, पण लेकराचे नाव अनेकदा नसते. बारसे व्हायचे असते ना! म्हणून तारीख शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराशी ताडावी. १९१८ च्या तापाची साथ पाहिली तर एकेका घरातून किती माणसे गेली ते कळते.

जातपडताळणीला हेच कागद लागतात. इतर मागासवर्गाच्या दाव्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. पोराचा प्रवेश तोंडावर आल्यावर खेटे घालण्यापेक्षा उन्हाळ्यात, वावर रिकामे असताना, हे काम उरकावे.

आणि वंशावळ लिहाल तेव्हा लेकीबाळींची नावे गाळू नका. "ती दिल्या घरी गेली" म्हणून तिला सोडतात, आणि पुढे वारसाच्या फेरफारात भांडण उभे राहते. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकाइतकाच हक्क आहे. वंशावळीतून नाव गाळल्याने तो जात नाही.

सुरुवात मात्र कचेरीत नको, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईपासून करा. तिला तिच्या सासूचे नाव विचारा, मग सासूच्या माहेरचे गाव. वहीत लिहा आणि तारीख टाका.